एका स्वयंपाकघरातली दोन माणसं

उदय बेडकिहाळ गेली तीन वर्षं विसरत होते, आणि आता ते थकले होते.

विसरण्याचं सोंग हे वाटतं तितकं आरामाचं काम नाही. खरोखर विसरणाऱ्याला काहीच लक्षात ठेवावं लागत नाही. सोंग करणाऱ्याला मात्र आपण काय काय विसरलेलो आहोत, ते सगळं पाठ ठेवावं लागतं. सोमवारी मेहुण्याचं नाव विसरलं असेल तर गुरुवारी ते सहज तोंडातून निघून चालत नाही. बँकेचा पासवर्ड आठवत नसेल तर क्रिकेटचा चॅनेलही दोनदा चुकवून मगच लावावा लागतो. उदयरावांना हे जमलं, कारण त्यांची सगळी नोकरी एसटीच्या विभागीय कार्यालयात वेळापत्रक शाखेत गेली होती. जिल्ह्यातली कुठली गाडी कुठून कधी सुटते आणि प्रत्यक्षात कधी सुटते, हे दोन्ही त्यांना तोंडपाठ होतं. ऐऱ्यागैऱ्याचं हे काम नव्हे.

सुरुवात दह्यापासून झाली. निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. नीलिमाताईंनी स्टीलचा डबा हातात देऊन त्यांना डेअरीत धाडलं. वाटेत जुना सहकारी भेटला, जतच्या गाडीचा मार्ग बदलल्याची बातमी निघाली, आणि उदयराव तासाभराने रिकामा डबा घेऊन घरी आले. या गुन्ह्यासाठी घरात एक भाषण ठरलेलं होतं. त्याचे चार भाग होते. पहिला भाग उदयरावांच्या डोक्याविषयी, दुसरा त्यांच्या आईने केलेल्या लाडांविषयी, तिसरा एसटी महामंडळाविषयी. चौथ्या भागात कवठेमहांकाळचं स्टँड यायचं. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात उदयराव नव्या नवरीला तिथल्या बाकावर बसवून पाणी आणायला गेले होते, आणि तिथल्या कंट्रोलरशी वेळापत्रकातल्या चुकांवर बोलता बोलता मिरजेच्या गाडीत चढून एकटेच घरी पोचले होते. आईने दारात विचारलं होतं, "अरे, सूनबाई कुठाय?"

तर त्या दिवशी उदयराव भाषणाच्या तयारीने उभे राहिले. पण नीलिमाताई काही बोलल्याच नाहीत. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. उदयरावांची आई विसरण्याच्याच आजाराने गेली होती. शेवटी शेवटी ती मुलाला 'मास्तर' म्हणायची आणि सुनेला 'बाई, तुमचं गाव कोणतं' असं विचारायची. तिचं सगळं नीलिमाताईंनी केलं होतं, शाळेत भूगोल शिकवून आल्यावर. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "असू दे. तुम्ही बसा. चहा करते."

खरं तर तिथेच सांगायला हवं होतं, की अगं, मी गप्पा मारत बसलो होतो. पण तेवढ्यात चहा आला. आलं घातलेला होता.

पुढे मग सगळं सोपं होत गेलं. धाकटी बहीण प्रतिभा वडिलांच्या जमिनीच्या वाटणीचं विचारायला आली, उदयरावांना गट नंबर आठवेना. सोसायटीच्या सेक्रेटरीने हिशेब तपासायला बोलावलं, त्यांना जिना आठवेना. लोक हळू आवाजात बोलू लागले, त्यांना लग्नकार्यांत पंख्याखालची खुर्ची मिळू लागली. असं आयुष्य आधी का सुचलं नाही, याचंच उदयरावांना आश्चर्य वाटायचं.

आणि मग मिरजेत ते यंत्र आलं.

मिरजेत दवाखाने काही कमी नाहीत. पण हे यंत्र वेगळं होतं. मेंदूतलं पाणी बाजूला काढलं तर जे उरतं त्यात निम्म्याहून जास्त चरबी असते, हे पूर्वीपासून ठाऊक होतं. मेंदूतल्या धाग्यांवर चरबीचं आवरण असतं, वायरीवर प्लॅस्टिक असावं तसं. विसरण्याच्या आजारात हे आवरण फार लवकर, माणसाला काही जाणवायच्याही आधी झिजू लागतं. मेंदूत झाडलोट करणाऱ्या पेशी असतात, त्या हा चरबीचा कचरा गोळा करतात, आणि गोळा करून करून त्यांचंच पोट इतकं भरतं की त्या झाडू टाकून जागच्या जागी बसतात. हे सगळं कळायचं, पण माणूस गेल्यावर, मेंदूच्या पातळ चकत्या करून. त्याचा त्या माणसाला काही उपयोग नसे.

नव्या पद्धतीत चकत्या करायची गरज नव्हती. काही आठवडे रोज सकाळी थोडं जड पाणी प्यायचं. जड पाणी म्हणजे पाणीच, फक्त त्यातला हायड्रोजन वजनाने दुप्पट. शरीर नवी चरबी तयार करताना हा जड हायड्रोजन तिच्यात घालतं, आणि मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात माणसाला झोपवलं की तो नेमका उठून दिसतो. मेंदूत जिथे आवरणाची डागडुजी चालू आहे तिथे चित्र पिवळंधमक, जिथे थांबली आहे तिथे काळं. डॉक्टर त्याला स्निग्धालेख म्हणत. लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव तूपचित्र ठेवलं.

तूपचित्रामुळे बऱ्याच जणांची सोय झाली आणि त्याहून जास्त जणांची गैरसोय. उतारवयातल्या वधूवर मेळाव्यात पत्रिकेच्या जागी तूपचित्रं जुळवू लागले. मृत्युपत्राला ते जोडावं लागू लागलं. शेजारच्या एका गावचे माजी नगराध्यक्ष चौकशी समितीपुढे प्रत्येक प्रश्नाला "आठवत नाही" म्हणाले होते. त्यांचं चित्र इतकं पिवळं निघालं की त्यांना वकील बदलावा लागला. 'आठवत नाही' हे दोन शब्द मराठी माणसाने किती वर्षं किती कामांसाठी वापरले होते, ते आता कळत होतं.

"तुमचं करून घेऊया," नीलिमाताई एका सकाळी म्हणाल्या. "लवकर कळलं तर औषध आहे म्हणतात."

"कशाचं?" उदयरावांनी विचारलं. सवयीने.

तपासणी केंद्रात बाबर नावाचा उंच तंत्रज्ञ होता. त्याने उदयरावांचं नाव लिहून घेतलं आणि नीलिमाताईंना म्हणाला, "मावशी, तुम्हालापण पाणी प्यावं लागणार."

"मला काय झालंय?"

"काही नाही हो. माणूस जे तेल-तूप खातो त्यावर मेंदूतली चरबी ठरते. शेंगदाण्याचं तेल खाणारा वेगळा, खोबरं खाणारा वेगळा. मग काकांचं चित्र कशाशी ताडायचं? त्यांच्याच स्वयंपाकघरात पंधरा-वीस वर्षं जेवलेलं निरोगी माणूस लागतं तुलनेला. बहुतेक करून मिसेसच असतात."

"म्हणजे मी मोजपट्टी."

"तसंच समजा. आणि काका, बाहेरचं खायचं नाही. चित्र बिघडतं."

ही माहिती बाबरने द्यायला नको होती. उदयराव त्या दिवसापासून स्टँडसमोरच्या गाड्यावर रोज गुपचूप वडे खाऊ लागले. चित्र बिघडलं नाही. पोट बिघडलं. पत्नीने मऊ भात करून वाढला आणि विचारलं, "काल काय खाल्लं होतंत?" "आठवत नाही," ते म्हणाले, आणि मऊ भात खाली मान घालून खाल्ला.

पाणी संपलं, चित्रं निघाली, आणि दोघांना बोलावणं आलं.

केंद्राच्या प्रमुख डॉ. अनघा शिरगुप्पे. वयाने फार नव्हत्या, पण दिवसभर लोकांना एकच बातमी निरनिराळ्या शब्दांत सांगून त्यांचा आवाज झिजला होता. तूपचित्राबद्दल सरकारने नवा नियम केला होता, पण चाल जुनीच होती. रोग्याला काही सांगायचं नाही. त्याला बाहेर बसवायचं, घरच्यांना आत घ्यायचं, आणि घरच्यांनी बाहेर येऊन "काही नाही, ठीक आहे" म्हणायचं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच चाललं होतं. सरकारने त्याला फक्त कलम दिलं.

"काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

उदयराव बाहेर बसले. आता आत काय बोलणं चाललं असेल, ते त्यांना ठाऊक होतं. बाई, तुमच्या मिस्टरांना काहीही झालेलं नाही. तीन वर्षांचं सगळं भाषण आज एकदम ऐकावं लागणार होतं, आणि तेही रिक्षात, रिक्षावाल्यादेखत.

दार उघडलं. नीलिमाताई बाहेर आल्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. ठीक आहे."

हे वाक्य उदयरावांनी आईच्या वेळी स्वतः म्हटलं होतं. म्हणजे आपल्याला खरंच झालं की काय? सोंग करता करता कुठेतरी खरं सुरू झालं, आणि तेच नेमकं आपल्या लक्षात राहिलं नाही?

"आता मावशी, तुम्ही बाहेर बसा. काका, या."

डॉक्टरांनी पडद्यावर दोन चित्रं लावली. एक सोनेरी होतं. दुसऱ्यात मागच्या बाजूला आणि कानांच्या वर काळे डाग पसरले होते.

"हे माझं," उदयराव काळ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"नाही. तुमच्याविषयी मला तुमच्याशी बोलता येत नाही, ते मी त्यांना सांगितलंय. हे त्यांचं."

"पण ती तर तुलनेला होती."

"हो." डॉक्टरांनी डोळे चोळले. "आमच्याकडे असं होतं अधूनमधून. लोक मोजपट्टी कधी मोजत नाहीत."

त्यांनी समजावून सांगितलं. औषध आहे. हरवलेल्या चरबीचे सूक्ष्म थेंब टोचून मेंदूपर्यंत पोचवतात. काळं झालेलं पिवळं होत नाही, पिवळं आहे ते जास्त दिवस पिवळं राहतं. जितकं लवकर, तितकं बरं.

"दोन-तीन वर्षांपूर्वी आला असतात तर बरंच वाचलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का? वस्तू हरवणं, तेच तेच विचारणं?"

घरात वस्तू हरवत होत्या. पण घरात त्या हरवणारा माणूस ठरलेला होता.

बाहेर आल्यावर नीलिमाताईंनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. ठीक आहे."

रिक्षात दोघंही आपापल्या बाजूचं मिरज बघत बसले. घरी आल्यावर नीलिमाताईंनी चहा टाकला. आलं घातलं नाही. कप समोर ठेवून म्हणाल्या, "तुमचं चित्र सोन्यासारखं आहे. पन्नाशीतल्या माणसाला शोभेल, म्हणाली ती."

उदयरावांनी कप उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"दह्यानंतर महिन्याभरात. आईंचं सगळं मी केलंय हो. खरं विसरणारं माणूस चिडतं, घाबरतं, हात थरथरतात. तुम्ही विसरलात की तुमचा चेहरा कसा निवांत व्हायचा. बस सुटून गेल्यावर स्टँड होतं तसा."

"मग बोलली का नाहीस?"

नीलिमाताईंनी पदराच्या टोकाने टेबलावरचा नसलेला डाग पुसला. "सुरुवातीला गंमत वाटली. म्हटलं बघूया, कुठवर नेतात. मग मला उपयोग होऊ लागला. गॅस चालू राहिला, तुमच्यावर गेलं. कपाटाची किल्ली डाळीच्या डब्यात सापडली, तुमच्यावर गेलं. केतकीला मी एकाच सकाळी तीन वेळा फोन करून तेच विचारलं. ती म्हणाली, आई, बाबा फोन करायला लावतात ना गं? मी हो म्हटलं." त्या थांबल्या. "घरात विसरणारं एक माणूस नेमलेलं असलं की दुसऱ्याकडे कोणी बघत नाही. मीसुद्धा बघितलं नाही."

"नीलिमा, मी जर तेव्हाच..."

"ते राहू द्या. आता सांगा. माझं काय म्हणाली?"

चालीप्रमाणे इथे 'काही नाही' म्हणायचं होतं, आणि उदयरावांना चाली सगळ्या तोंडपाठ होत्या. त्यांनी खिशातून फोन काढला, डॉक्टरांनी पाठवलेलं चित्र उघडलं आणि तिच्यापुढे धरलं.

नीलिमाताईंनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं, वर्गात भिंतीवरचा नकाशा तपासावा तसं. मग एका काळ्या डागावर बोट ठेवलं.

"हा जत. हा आटपाडी. आणि हा इकडे सगळा दुष्काळी पट्टा." त्यांनी चष्मा काढला. "तिकडे पाणी आलं ना पुढे?"

"आलं."

"उशिरा आलं."

"उशिरा आलं, पण आलं."

"मग टोचायला कधी जायचंय ते तुम्ही लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "माझ्यावर सोडू नका."

कप उचलून त्या आत गेल्या आणि दारातून परत आल्या.

"आणि एक ऐका. चारचौघांत तुम्हीच विसरत राहा."

"म्हणजे?"

"म्हणजे आत्तापर्यंत करत होतात तसंच. प्रतिभावन्संना कळलं तर त्या माझा हात धरून बसतील, आईंचं नाव काढून रडतील. माझ्याशी सावकाश बोलतील. एकेक अक्षर सुटं करून. मला नको ते. जितके दिवस चालेल तितके दिवस मला कोणी तसं बघायला नको. तुम्हाला सवय आहे."

"मी थकलोय गं त्याला."

"मीपण थकलेय," नीलिमाताई म्हणाल्या. "बघा जमतंय का."

प्रतिभाच्या मुलीचं डोहाळजेवण सांगलीत होतं. उदयरावांनी आदल्या दिवशी बायकोला सगळी नावं म्हणून दाखवली होती, नात्यांसह, गाडीचे थांबे सांगावेत तशी. ती बरीचशी राहिली. फुलांनी मढवलेल्या झोपाळ्यावर भाची बसली होती. नीलिमाताईंनी तिला हळदीकुंकू लावून ओटीत नारळ घातला, गालावरून बोटं फिरवली आणि विचारलं, "कितवा गं?"

"सातवा, मामी."

बायका गाणी म्हणू लागल्या, पेढे-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या आल्या, पेढा निघाला, मुलगा होणार म्हणून गलका झाला. गलका ओसरल्यावर नीलिमाताई भाचीकडे वळल्या आणि त्याच मायेने म्हणाल्या, "कितवा गं?"

भाची गोंधळली. प्रतिभाची मान हळूच वळली. दोन बायका एकमेकींकडे बघणारच होत्या.

"काय गं बाळ," पंख्याखालच्या खुर्चीतून उदयराव मोठ्याने म्हणाले, "एवढी फुलं कसली? लग्न ठरलं वाटतं तुझं? मुलगा काय करतो?"

मग सगळा दिवाणखाना हसला, आणि हसून झाल्यावर हळहळला. जावयाने भिंतीकडे बघितलं. प्रतिभाने डोळ्यांना पदर लावला. "दा-दा," ती एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "अरे, ति-चं डो-हा-ळ-जे-वण आहे." मग वहिनीचा हात धरून म्हणाली, "वहिनी, तुमची कमाल आहे हो. कसं सांभाळता."

"करायचं काय," नीलिमाताई म्हणाल्या आणि बर्फी खाल्ली.

परतीच्या गाडीत त्या बराच वेळ हसत होत्या. सांगली-मिरज रस्त्यावर विटा लागत नाही. तरी त्या म्हणाल्या, "विटा गेलं का?" आणि उदयराव म्हणाले, "आत्ताच गेलं."

वर्ष सरलं. टोचणं चालू होतं. चित्रातले डाग वाढत होते, पण डॉक्टरांच्या मते वाढायला हवे होते त्याहून हळू. स्वयंपाकघर उदयरावांकडे आलं होतं. तेल तेच ठेवलं होतं. गॅस ते दोनदा बघत, किल्ली गळ्यात घालत. चारचौघांत सगळं विसरत, आणि घरी आल्यावर दोघांचंही आठवत. एसटीत एका माणसाकडून दोन ड्युट्या करून घ्यायला बंदी होती.

एकदा नीलिमाताई डबा घेऊन पुढ्यात आल्या. "अहो, दही आणलंत?"

सकाळीच आणलं होतं. उदयरावांनी फ्रिज उघडून दाखवलं. तिने ते दही पाहिलं, मग हातातल्या डब्याकडे पाहिलं, आणि तिचे हात थरथरू लागले. चेहरा आईसारखा झाला.

तेव्हापासून ते फ्रिज उघडत नाहीत. तिने विचारलं, "दही आणलंत?" की ते मान खाली घालतात. "विसरलो."

मग भाषण सुरू होतं. डोकं, लाड, एसटी महामंडळ, कवठेमहांकाळ. चारही भाग, ओळीने, आवाज चढत जातो, गाल लाल होतात. पूर्वी या भाषणाने त्यांचा जीव नकोसा व्हायचा. आता ते भिंतीला टेकून सगळं ऐकतात आणि संपलं की डबा घेऊन डेअरीपर्यंत फिरून येतात.

परवाही तसंच झालं. डोकं झालं, लाड झाले, महामंडळ झालं. मग नीलिमाताई थांबल्या आणि भांडी आवरू लागल्या.

उदयराव डबा घेऊन उभेच राहिले. त्यांनी थोडी वाट पाहिली. उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघायची त्यांना सवय होती.

"आणि कवठेमहांकाळच्या स्टँडवर?" शेवटी त्यांनीच विचारलं.

"तिथे काय झालं?"

उदयरावांनी डबा ओट्यावर ठेवला, स्टूल ओढलं आणि बसले. "आपलं नुकतंच लग्न झालं होतं. मी तुला तिथल्या बाकावर बसवलं, पाणी आणतो म्हणून गेलो, कंट्रोलरशी गप्पा मारल्या, आणि मिरजेच्या गाडीत बसून घरी निघून आलो."

"मला तिथेच ठेवून?"

"तिथेच."

"नवीन लग्न झालेल्या बायकोला?"

"हो."

नीलिमाताईंनी हातातलं पातेलं खाली आपटलं. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी जे सुरू केलं त्यात एकही जुनं वाक्य नव्हतं. त्या स्टँडवरच्या उन्हाबद्दल बोलल्या, नव्या शालूबद्दल बोलल्या, समोर बसून टक लावून बघणाऱ्या माणसाबद्दल बोलल्या. यातलं आठवणीतलं किती आणि आत्ता सुचलेलं किती, ते कुठल्याच चित्रात दिसलं नसतं.

उदयरावांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग डबा उचलला आणि दही आणायला गेले.